माझ्या दांड्यावरचा एप्रन

मी एक जुना, वाफेवर चालणारा इस्त्रीचा प्रेस आहे. मित्रांनो, जुना म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर चटका बसेल!

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, लष्करी छावणीजवळच्या एका लाँड्रीत मी आयुष्य काढलं. ओतकामाच्या कारखान्यात जन्मलो, भर बर्फातून ट्रकने इथे आलो आणि हॉटेलांच्या टेबलक्लॉथवर कडक इस्त्री करत राहिलो. नवा होतो तेव्हा मालक पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे. पुढे माझं तेलपाणीही विसरले. विसरली नाही ती योलांडा. माझी गळकी नळी तिनेच सांभाळून घेतली.

तिचा नवरा टेरेन्स सैनिक. तो परदेशी युद्धावर गेला आणि मागे लेक झाली. तिला त्याने अजून मांडीवर घेतलं नव्हतं. अखेर त्याला थोडी सुट्टी मिळाली.

"मिस्टर केसलर, सोमवारपासून मी रजेवर," योलांडा मुकादमाला म्हणाली.

"ऐन लग्नसराईत? जा खुशाल! परत येशील तेव्हा या प्रेसवर दुसरी उभी असेल."

"तसं नाही चालायचं. नवरा युद्धावरून सुट्टीवर आला की बायकोला रजा आणि तिची नोकरी शाबूत, असा कायदाच आहे. पगार नका देऊ. मी विचारत नाहीये, सांगतेय."

तिने एप्रन काढून माझ्या दांड्याला अडकवला आणि ताठ मानेने निघून गेली.

सोमवारी केसलरने कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या म्हाताऱ्या बर्निसला बोलावलं. "आजपासून हा प्रेस तुझा. कायमचा."

तिने एप्रनकडे बोट दाखवलं. "डोळे आहेत ना तुम्हाला? जागा भरलेली आहे."

"अगं, नुसता एप्रन आहे तो!"

"मग काढून दाखवा बरं."

त्याने हात पुढे केला, तेवढ्यात शेजारचा प्रेस थांबला. मग पलीकडचा. बघता बघता सगळ्या बाया हाताची घडी घालून उभ्या! कुणाचा नवरा वाळवंटात, कुणाचा मुलगा समुद्रावर तैनात. टेबलक्लॉथचा ढीग पडून राहिला, हॉटेलचा फोन खणखणू लागला. मीही फुस्सकन वाफ सोडली, थेट त्याच्या नाकासमोर. नळीचा दोष म्हणे! केसलरने हात मागे घेतला. माझ्या वाटचं काम बायांनी आपसांत वाटून घेतलं.

योलांडा परतली ती टेरेन्सला विमानतळावर सोडूनच. डोळे सुजलेले होते.

केसलरने घसा खाकरला. "कशी झाली सुट्टी?"

"छोटी," ती एप्रन बांधत म्हणाली. "पण लेक आता बापाला ओळखते."

मित्रांनो, मला तेल घाला, नका घालू. पण आपल्या माणसाला भेटायला गेलेल्याची जागा तेवढी राखा. आणि कुणी ती बळकावायला आलाच, तर त्याला सांगा, मी अजून तापतो.