माझ्या गाडीतलं भूत आणि माझ्याच वाडीतला नारळ

सोमवारी सकाळी साडेसातला रेवदंड्याच्या जेट्टीवर निम्मा कोळीवाडा जमला होता. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे सगळ्यांनाच सवड होती. मधोमध एक पिकअप उभी होती. तिच्या चाकांखाली तांदूळ, आरशाला हळद-कुंकू, बॉनेट उघडं आणि बॉनेटच्या आत कमरेपर्यंत वाकलेले जीवनबाबा.

"सापडला!" बाबा आतूनच ओरडले. "गाडीचा गळा सापडला! इथंच बसलाय तो. दर्यात गेलेला जीव, त्याला जमिनीवर पाय टेकवायला जागा न्हाय, म्हणून लोखंडात शिरलाय. तेल द्या!"

कुणीतरी वाटी पुढे केली. बाबांनी खोबरेल तेलावर फुंकर मारली, आठ-दहा न कळणारे शब्द पुटपुटले, दोन शब्द कळणारे म्हटले, आणि आत हात घालून बराच वेळ तेल चोळलं. मग सरळ उभे राहून त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि एका बाईवर बोट रोखलं.

"हिला लांब उभी करा. आता मार चावी!"

ड्रायव्हर अल्पेशने चावी फिरवली. गाडी सुरू झाली. गेले पंधरा दिवस सुरू होताना जी गाडी कानठळ्या बसतील अशी किंचाळत होती, ती मांजरासारखी गुरगुरत उभी राहिली. गर्दीतून "अगो बाय!" असा एकच आवाज निघाला. बायकांनी हात जोडले. बाबा म्हणाले, "नारळ!"

नारळ मी पुढे केला. तो माझ्याच वाडीतला होता. वाटीतलं तेलही माझ्याच वाडीतल्या खोबऱ्याचं. आणि गाडीही माझीच.

मी दत्तात्रेय. इथल्या हायस्कुलात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतो. दर वर्षी आठवीच्या वर्गात लिंबू कापून त्यातून 'रक्त' काढून दाखवतो आणि मग त्यामागचं रसायनही सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्या मला आवडतात. असा मी त्या सोमवारी पहिल्या रांगेत उभा होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाबांची टिंगल करणं सोपं आहे आणि पुढे मी ती करणारही आहे. पण या गोष्टीत सगळ्यांत जास्त लाज कुणाला वाटायला हवी ते वाचणाऱ्याला सुरुवातीलाच ठाऊक असलेलं बरं.

पिकअप मी पाच महिन्यांपूर्वी वाडीतले नारळ-सुपारी न्यायला घेतली होती. अल्पेश रोज सकाळी तिच्यातूनच आठ कोळणी आणि त्यांचे मासळीचे टप अलिबागच्या बाजाराला पोचवायचा. त्या सोमवारच्या पंधरा दिवस आधी गाडी किंचाळू लागली. चावी फिरवली की बॉनेटमधून चिरकी, लांबलचक किंकाळी यायची, मिनिटभराने विरायची. आणि बायकांच्या लक्षात आलं, की ही किंकाळी केसर गाडीत बसली की लगेच येते. एकदा नाही, रोज. केसरचं बूड फळीला टेकलं, की गाडी ओरडलीच.

केसरचा नवरा निकेत दोन वर्षांपूर्वी दर्यात गेला. होडी परत आली, तो आला नाही. घरात केसर आणि तिची सासू येसूबाई, दोघीच. दोघी एकाच गाडीने बाजाराला जायच्या.

"माझा पोर वराडतंय," येसूबाई मला घरी येऊन म्हणाली होती. "मास्तर, आईच्या कानाला कळतं. बायकोला बघून वराडतंय तो."

मी काय म्हणालो? म्हणालो, "बघू या." बाकीच्या बायका गाडीत बसायला तयार नव्हत्या. अल्पेश म्हणाला, "सर, एकदा बाबांना आणून टाकू. तुमचा इश्वास नसंल, पण पासिंजरचा हाय ना!" मला ते पटलं. आपण मानत नाही, पण लोक मानतात, तर लोकांसाठी एक नारळ फोडायला काय हरकत? हे वाक्य मी तेव्हा फार शहाणपणाचं समजत होतो.

बाबांनी निकाल दिला: पुढच्या अवसेपर्यंत केसरने या गाडीला शिवायचं नाही.

मंगळवारी सकाळी शाळेकडे जाताना मला केसर नाक्यावर दिसली. एसटीच्या कंडक्टरने ओला टप पाहून तिला खाली उतरवलं होतं. रिक्षावाला मासळीचं पाणी सीटवर नको म्हणून निघून गेला होता. बर्फ वितळून टपातून पाणी गळत होतं. बाजारातली बसायची जागा आठवडाभर रिकामी राहिली, की ती दुसरीची होते, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी स्कूटर थांबवली नाही. उशीर होत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

बुधवारपर्यंत गाडी गप्प राहिली. गुरुवारी पुन्हा किंचाळली, तीही केसर गाडीत नसताना. शुक्रवारी तर अर्ध्या वाटेत इंजिनाचं पाणी उकळून बॉनेटमधून वाफा निघाल्या आणि बायकांना टपांसकट रस्त्यावर उतरावं लागलं.

अल्पेशने बाबांना फोन लावला, मी शेजारीच होतो. "तापणारच!" बाबा म्हणाले. "गाडी तिच्या दारावरून जाते का न्हाय? सावली पडते तिची. तिला वरीसभर माहेरी धाडा. सोमवारी येतो, शेवटचा बंध घालतो. गाडी न्यायला पाठवा हां, मला वाटेत गाडीचं अंग कळतं."

येसूबाईने सुनेची पिशवी भरायला घेतली.

रविवारी संध्याकाळी केसर माझ्या दारात आली. ती माझी विद्यार्थिनी. आठवीनंतर शाळा सुटली तिची. आत ये म्हटलं तरी आली नाही, पायरीवरच उभी राहिली.

"सर, उद्या बाबांना आणायला गाडी पाठवू नका."

"का गं?"

"शनिवार दुपारपासून ती बंद हाय. तशीच गार ऱ्हाऊ द्या. बाबांना रिक्षानं येऊ दे." मग म्हणाली, "सर, पयल्यांदा मनापन वाटलं, निकेतच हाय. दोन सकाळ मी कान देऊन ऐकलं. पन गुरुवारी मी घरात, आन् गाडी दारावरून वराडत गेली. त्याला मना हाक मारायची व्हती, तर मी नसताना कशाला मारील? मंग आठवलं. होडीचं इंजिन असंच वराडायचं. निकेत शिव्या घालत उतरायचा आन् मी बॅटरी धरायची. बेल्ट सैल पडायचा."

मला काय वाटलं ते सांगतो. आश्चर्य वाटलं नाही. कारण बेल्ट असणार हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण बॉनेट उघडून पाहिलं नाही. बाबांना नारळ देणं जास्त सोपं होतं.

सोमवारी बाबा रिक्षातून उतरले ते कुरकुरतच. "गाडी का न्हाय आली? अंग कसं कळणार मला?" पण गर्दी मागच्यापेक्षा दुप्पट होती, ती पाहून त्यांचा चेहरा उजळला. उदबत्त्या लागल्या. तेल आलं. बाबा बॉनेटकडे निघाले, आणि केसर मधे येऊन उभी राहिली.

"बाबा, तेल मागाहून. आदी गाडी चालू होऊ दे. मी लांब उभी ऱ्हाते, हितं भिंतीला." ती खरंच जाऊन भिंतीला टेकली. "बाकी सगल्या रोजच्यासारख्या गाडीत बसा. फक्त आत्याबाई शेवटी बसतील."

बायका घुटमळल्या. बाबा म्हणाले, "ही कोण सांगणारी?" मी तोंड उघडलं. त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "गाडी माझी आहे. बसा."

सात जणी बसल्या. येसूबाई शेवटी चढली. रोजच्या सवयीने अल्पेशने दिवे लावले, चावी फिरवली.

गाडी अशी किंचाळली, की जेट्टीवरचे कावळे उडाले.

सगळ्यांच्या माना येसूबाईकडे वळल्या. तिच्या शेजारी बसलेली बाई बोटभर सरकली. येसूबाईने ते पाहिलं. "माझ्याकडं काय बघतां?" ती म्हणाली. "मी काय केलं?"

"कायपन न्हाय केलं, आत्याबाई," केसर भिंतीपासूनच म्हणाली. "मीपन न्हाय केलं. मी रोज शेवटी का बसते? सकाळी सकाळी रांडकीचं तोंड नको, बोहनी व्हत न्हाय, म्हणून तुमीच सांगितलं मना, आदी सगल्यांना बसू दे. टप चढवताना अल्पेशदादा इंजिन बंद ठेवतो. मी बसले की मानसं पुरी झाली, म्हणून चावी मारतो. कुनीपन शेवटी बसलं, तरी त्याच वक्ताला वराडनार ती!"

पाच महिने ती माझ्या गाडीत सगळ्यांत शेवटी चढत होती. मी ते पाहत होतो. कुणी तिला अपशकुनी ठरवलं, म्हणून ती शेवटी बसायची, आणि शेवटी बसायची म्हणून अपशकुन सिद्ध व्हायचा. विज्ञानाच्या मास्तरला यात तपासण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

आवाज विरत चालला होता. केसर पुढे झाली आणि तिने हाताने दूर राहा अशी खूण करत बॉनेटमध्ये बोट दाखवलं. "अल्पेशदादा, दिवे बंद कर." आवाज थांबला. "लाव." पुन्हा चिरका सूर. "पंखापन लाव." सूर आणखी चढला. मग तिने बाटलीतलं थोडंसं पाणी लांबूनच पट्ट्यावर उडवलं. किंकाळी दुप्पट झाली. "पानी पडल्यावर वाढला आवाज, म्हंजे सैल हाय. सर, तुमीच शिकवलंत ना, वल्यावर घसरतं म्हनून?"

मी मान हलवली.

"बंद कर रे." इंजिन थांबलं तेव्हा तिने मला बोलावलं. "सर, दाबून बघा."

मी अंगठ्याने फॅनबेल्ट दाबला. जेमतेम अर्धा इंच दबायला हवा, तो दीड इंच खाली गेला. आतली बाजू काचेसारखी चकचकीत, आणि तेलाने बरबटलेली. माझ्या खोबरेल तेलाने. मग मी गर्दीला सांगितलं, जे मला तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं. हा पट्टा डायनामो फिरवतो आणि इंजिनाचा पाण्याचा पंपही. रात्रभर खाडीच्या दमट हवेत उभी राहिलेली गाडी सुरू केली, की बॅटरी भरून काढायला डायनामोवर ताण येतो, त्यात दिवे लावलेले. सैल पट्टा त्या ताणाला घसरतो आणि रबर किंचाळतं. बॅटरी जरा भरली की गप्प होतं. तेल लावलं की पट्टा घसरतो तसाच, फक्त आवाज न करता. तेल उडालं, की आवाज परत. आणि पट्टा घसरला की पंप मंदावतो, म्हणून शुक्रवारी पाणी उकळलं. भूत तापलं नव्हतं.

"आणि मागच्या सोमवारी?" कुणीतरी विचारलं.

"मागच्या सोमवारी बाबांना आणायला गाडी पाऊण तास पळून आली होती. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, दिवे बंद. वर तेल."

बाबा पिशवी आवरू लागले होते. "शास्त्र वेगळं, दैवत वेगळं," ते म्हणाले. "मी देवाचा माणूस, मला तुमच्या मशिनीतलं काय कळतंय?"

"न्हाय कळत?" केसर म्हणाली. "मंग एवढ्या मोठ्या गाडीत भुताचा गळा तुमाला बरोबर बेल्टावरच कसा सापडला?"

पहिलं हसू अल्पेशला फुटलं. मग सगळी जेट्टी हसली. बाबा रिक्षा शोधत नाक्यापर्यंत चालत गेले. मी हसलो नाही. बाबांनी निदान बॉनेट तरी उघडलं होतं.

दुपारी अल्पेशने अलिबागहून नवा पट्टा आणला. बॅटरीची वायर काढली, डायनामोचा बोल्ट सैल केला, जुना पट्टा काढला, पट्टा ज्या चाकांवरून फिरतो त्या पुलींवरचं तेल साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं केलं. नवा पट्टा चढवून मी टॉमीच्या लोखंडी दांड्याने डायनामो बाहेर रेटून धरला, अल्पेशने बोल्ट आवळला. तासाभराचं काम. घराच्या अंगणात, दोन पान्यांनी होणारं. या तासाभराच्या कामासाठी एका बाईला गावाबाहेर काढायला आम्ही निघालो होतो.

काम चालू असताना केसर बाजूला उभी होती. मी तिला म्हणालो, "केसर, माझं चुकलं."

"सर, तुमाला बेल्ट कळत नव्हता काय?"

"कळत होता."

"मंग?"

मी खाली वाकून पान्याला लागलेलं तेल पुसू लागलो. ती निघून गेली.

मंगळवारी पहाटे मी मुद्दाम जेट्टीवर गेलो. टप चढले. केसर सवयीने मागे उभी होती. बायकाही सवयीने चढायला निघाल्या. येसूबाई फळीपाशी थांबली, वळली, आणि जरा रागावल्यासारखीच म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? आदी तू बस."

केसर पहिली चढली. मागून सगळ्या बसल्या. अल्पेशने दिवे लावले, चावी फिरवली. काहीही आवाज झाला नाही. येसूबाई थोडा वेळ कान देऊन बसली होती. मग तिने पदर तोंडाला लावला. मुलाची हाक ऐकू येत होती तीही गेली, आणि ती नेण्यात माझाही हात होता, कारण पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तिने ती आशा धरलीच नसती.

बाजारातली केसरची जागा अर्धी उरली होती, अर्ध्यात दुसरी बसली होती. त्या अर्ध्याचा हिशोब माझ्याकडे लागतो, तो मला फेडता येणार नाही.

केसरच्या "मंग?"चं उत्तर मी अजून शोधतो आहे. तोवर एवढंच सांगतो. तुमच्या गावात गाडी किंचाळली, तर कोण बसलं ते पाहू नका, बॉनेट उघडा. बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. आणि आत काय बिघडलंय हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर नारळ खाली ठेवा आणि तोंड उघडा. पहिल्याच दिवशी उघडा. मी तीन आठवडे उघडलं नव्हतं.