पुसा की

त्रिशलानं तीन वर्षं एकच झाड वाढवलं होतं, तेही कोल्हापुरातल्या ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर. गावोगावच्या संस्थांना एकाच मुळापासून वेगवेगळी सॉफ्टवेअरं काढून द्यायची, हा त्यांचा धंदा. कोणाला काय लागतं, काय नको, ते झाडाच्या फांद्या सांगत. बुंध्यावर शब्द होता 'पाळी', म्हणजे ज्याची त्याची ठरलेली वेळ. तिच्या गावी, मुरगूडला, शेताच्या पाण्याची पाळी आली की वडील तिला खांद्यावर बसवून पाटाकडं न्यायचे. तिचा फार जीव होता त्या शब्दावर.

शेजारच्या टेबलावरच्या संघप्रियाला झाडाचं काडीचं कौतुक नव्हतं. तिच्याकडं प्रश्नांची यादी होती: गिऱ्हाइकाला विचारा, उत्तरांवरून सॉफ्टवेअर जुळवा. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

मग चंदगडच्या एका काजू कारखान्यात घोळ झाला. यादीनं बुंध्यावरचा शब्द जसाच्या तसा उचलला आणि टॅबवर कामगार बायकांना विचारलं, 'तुमची पाळी कधी?' मुकादम पारूबाईंनी टॅब पदराखाली झाकून ऑफिसला फोन लावला.

"बाई, आमच्याकडं आसलं चारचौघांत पुसत न्हाईत. कामाला कवा येनार, एवढं पुसा की."

ऑफिस हसून बेजार झालं. साहेब जिनेंद्र तेवढे हसले नाहीत. झाड किंवा यादी, संध्याकाळपर्यंत दोन्हींतलं एक पुसून टाका, असं बजावून ते निघून गेले.

जेवणानंतर त्रिशलाचा डोळा लागला. झाड पाटाच्या पाण्यात उभं होतं. प्रत्येक बेचक्यात संघप्रियाचा एकेक प्रश्न चिमणीसारखा बसलेला. उत्तर मिळालं की चिमणी उडे आणि तेवढीच फांदी हिरवी होई. खाली काजू सोलत पारूबाई पुटपुटत होत्या, "पुसा की."

ती जागी झाली. विचारणं आणि मिटवणं, चंदगडकडं दोन्हींना पुसणंच म्हणतात.

तिनं डस्टर घेऊन बुंध्यावरचा शब्द पुसला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग मार्कर संघप्रियाच्या हातात देऊन तिनं सांगितलं, की झाड राहू दे आणि बेचक्या-बेचक्यात तुझे प्रश्न बसव.

संघप्रियानं मार्करचं टोपण काढलं. मग रिकाम्या बुंध्यावर तिनं पहिला प्रश्न लिहिला: 'ठरलेली वेळ आली, याला तुमच्याकडं काय म्हणतात?'

"ताई, आधी तुम्हालाच पुसते. मुरगुडात काय म्हणतात?"

त्रिशलाला पाटाचं पाणी ऐकू आलं. "पाळी," ती म्हणाली, आणि संघप्रियानं तो शब्द मुरगूडच्या फांदीवर लिहिला.