हात न लावता

"सर, थांबा, ती वायर..." तेजस्वी ओरडली, पण तोवर वायर तुटली होती.

आकाराम सरांनी रोबो हळूच टेबलावर ठेवला. आयटीआयमध्ये उभी हयात फिटरकाम शिकवून निवृत्त झालेले सर शाळांच्या या रोबो स्पर्धेत पहिल्यापासून तपासणीला बसत. त्यांनी स्वतः उचलून, उलटा करून, वायर ओढून पाहिल्याशिवाय एकही रोबो मैदानात जात नसे. यंदा मात्र त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. ते बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"सैलच असंल वायर," रांगेतले एक शिक्षक म्हणाले.

"न्हाय. घट्ट हुती. माझा हात हलला," सर म्हणाले.

गडमुडशिंगीहून आलेली नववीतली तेजस्वी ओठ दाबून उभी होती. तपासणीत अडकलेल्या रोबोला त्या दिवशी पुन्हा संधी नसे. नियम सरांचाच.

त्यांनी आयोजक ऋषभला बोलावलं. तो त्यांचा जुना विद्यार्थी.

"ऋषभ, आजपास्नं तपासणाऱ्यानं रोबोला हात लावायचा न्हाय. पोरंच उचलतील, पोरंच उघडून दावतील. आपण बघायचं आन् इचारायचं. काय चुकलं तर दुरुस्त करून परत येऊ देत. सकाळी घरी धाडलेल्यांनाबी बोलव."

"सर, नियम असा मधेच बदलायचा? रांग रस्त्यावर जाईल की!"

"मग मी आणि किती जणांचं मोडू?"

ऋषभची नजर त्यांच्या हाताकडे गेली. सरांनी तो लपवला नाही. ऋषभनं माईककडे जाऊन नवा नियम सांगितला.

तेजस्वीनं वायर जोडून आणली.

"आता उलटा कर. चाक फिरव. ह्यो स्क्रू हलतोय का?"

"व्हय सर. मी बघितलाच न्हवता."

"आता बघितलास न्हवं? आवळ."

सुरुवातीला रांग खरंच लांबली. मग मागच्या मुलांनी सरांचे प्रश्न ऐकले आणि उभ्या उभ्या आपापले स्क्रू आवळायला सुरुवात केली. कुणी शेजारच्या शाळेला स्क्रूड्रायव्हर दिला. टेबलाशी येईपर्यंत निम्मी तपासणी झालेली असे. एकदा एक सुबक रोबो समोर आला, तेव्हा सवयीनं सरांचा हात पुढं गेला. त्यांनी तो मागं घेतला आणि पाठीशी दुसऱ्या हातात धरून ठेवला.

तेजस्वीचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. संध्याकाळी खुर्च्या उचलायचं काम चाललेलं असताना ती चहा घेऊन आली.

"हरलो की ओ सर."

"वायर टिकली?"

"टिकली."

सरांनी उजव्या हातानं कप घेतला; चहा हिंदकळला, पण सांडला नाही. त्यांनी कपात पाहिलं. चहा अर्धाच होता.

"संपला व्हय गं चहा?"

"न्हाय, लई हाय," ती खुर्च्यांकडे बघत म्हणाली. "ह्यो पिऊन झाला की आणि आणतो."