मुंग्यांना विचारलेलं दूध

अतिपोकाची डावी छाती पुन्हा दगड झाली होती. पेरणीपासून ही तिसरी खेप. ठणका थेट काखेत जायचा, अंगात कणकण भरायची, आणि पान्हा आतल्या आत कोंडून राहायचा, बांध घातलेल्या ओढ्यासारखा.

"दूध कडू झालंय तुझं," सासू लामिसी म्हणाली. "उगाच का सुजते छाती? मुंग्यांना विचारू."

तुंब्याच्या वाटीत दूध पिळायचं, त्यात मुंग्या सोडायच्या. वाटीच्या काठावर चढून आल्या तर दूध गोड. मेल्या तर कडू. मग जडीबुटीवाला येऊन दूध शुद्ध करीपर्यंत बाळाला पाण्यावर ठेवायचं. जावेचं बाळ असंच पाण्यावर सुकून गेलं होतं.

दात खाऊन अतिपोकानं दूध पिळलं. मुंग्या तडफडल्या, निपचित पडल्या.

"बघ! मेल्या."

"रीत आहे ती," नवरा अकोल्गो जमिनीकडे बघत पुटपुटला.

अतिपोकाच्या डोक्यात तिडीक गेली. "बाजाराच्या दिवशी सकाळपासून मी तुमची दारू विकत हंड्यांपाशी उभी! बाळ इथं, मी तिथं, छाती तटतटलेली. दवाखान्यातली बाई ओरडून सांगते, दूध साचतं म्हणून गाठ होते, बाळाला पाज. आणि तुम्ही मुंग्यांना विचारता?"

तिनं सासूच्या हंड्यातली ज्वारीची ताजी दारू दुसऱ्या वाटीत ओतली, चिमूटभर मुंग्या टाकल्या. त्याही बुडाल्या.

"हीसुद्धा कडू! ओता हंडा, आत्याबाई. ओता ना!"

अकोल्गोला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं.

"तोंड सांभाळ," लामिसीनं हंड्यावर हात ठेवला. "माझ्या आईच्या हातची चव आहे ही."

"आणि माझं दूध काय रस्त्यावर सापडलं?"

तिनं बाळाला सासूच्या मांडीवरून उचललं, भिंतीला टेकली, आणि डावीकडेच लावलं. पहिल्या ओढीला कळ मस्तकात गेली. लुगड्याचा काठ दातांत धरून तिनं सगळ्या घराला शिव्या घातल्या, मग बाळालाही. "ओढ, मेल्या, ओढ." बाळानं डोळे मिटून ओढलं. कितीतरी वेळानं आतलं काहीतरी सैल झालं, थेंबाथेंबानं.

"जडीबुटीवाल्याला निरोप धाडते मी," लामिसी म्हणाली.

"धाडा. तो येईल तेव्हा मी बाजारात असेन," बाळाला पाठीशी बांधायचं फडकं ओढून घेत अतिपोका म्हणाली, "आणि हाही."