ताईच्या मनगटावरचा पट्टा

धाकटीने बनवलेला पट्टा ताईच्या मनगटावर चढला आणि कित्येक वर्षांनी त्या घरात आईचं घोरणं ऐकू आलं.

ताईला लहानपणापासून फिट यायची. औषधांनी कमी झाली होती, पण थांबली नव्हती. आणि यायची ती बहुतेक झोपेतच, मांजराच्या पावलांनी. आईची बेकरीतली पाळी पहाटेची. तरी बाई रात्रभर ताईच्या पलंगाला टेकून बसायची, डुलक्या काढायची आणि सकाळी कणकेच्या मशीनसमोर लाल डोळ्यांनी उभी राहायची. एकदा तिचा हात मशीनमध्ये जाता जाता वाचला. त्याच दिवशी धाकटीने ठरवलं की कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच करायचा. हात विशिष्ट लयीत थरथरायला लागला की पट्ट्याने ते ओळखायचं आणि आईच्या उशाशी ठेवलेल्या फोनने घर डोक्यावर घ्यायचं.

पट्टा चालला. ताईला फिट आली, फोन वाजला, आई उठली. पुन्हा आली, पुन्हा वाजला. हळूहळू आई आपल्या खोलीत जाऊन आडवी व्हायला लागली. आईची झोप परत आली तशी धाकटीची गेली. ती अंथरुणात कान टवकारून पडायची. पट्टा वाजेल याची तिला भीती नव्हती. भीती होती ती काही न वाजता पसरणाऱ्या शांततेची.

हे ती कोणाला बोलली नाही. बोलणार तरी काय? यंत्र आपणच केलेलं, आणि आपलाच त्याच्यावर विश्वास नाही?

प्रोजेक्टमधला तिचा जोडीदार म्हणजे वकील. शिकत होता इंजिनिअरिंग, पण अर्ध्या मार्कासाठी शिक्षकांशी असा काही वाद घालायचा की तो अर्धा मार्क स्वतःहून चालत यायचा. म्हणून सगळं कॉलेज त्याला वकील म्हणे. पट्टा पाहिल्यावर तो म्हणाला, "हा कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडायचा नाही. तू तारा जोड, मी पैसे शोधतो."

आणि तो खरंच शोधायला बसला. रोज दुपारी लायब्ररीतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर अनुदानं आणि स्पर्धा धुंडाळायचा. एका ठिकाणी आधी कंपनी नोंदलेली हवी, दुसऱ्या ठिकाणी नोंदलेली असली तर चालत नाही. एकीला विद्यार्थी हवेत, पण दोन वर्षांचा धंद्याचा अनुभव असलेले. "म्हणजे पाळण्यात असतानाच दुकान टाकायला हवं होतं," वकील म्हणाला. एका स्पर्धेत बक्षीस भरघोस होतं, पण बारीक अक्षरात लिहिलं होतं की जिंकलात तर कंपनीचा मोठा वाटा आयोजकांचा. दुसरीत भाग घ्यायलाच पैसे मागत होते.

कॉलेजच्या नवउद्योग कक्षाचे सर स्वतः दोनदा धंदा बुडवून मग शिकवायला आलेले. ते म्हणाले, "जिथे दारातच पैसे मागतात, तिथे आत काही नसतं. अनुदान आधी बघा, बक्षीस नंतर. आणि नकार आला की का आला ते विचारा. लाज सोडा."

नकार पुष्कळ आले. वकील प्रत्येकाला कारण विचारायचा. बहुतेक जण उत्तरच द्यायचे नाहीत. मग एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीचं बोलावणं आलं. पाच मिनिटं बोलायचं, समोर यंत्र चालवून दाखवायचं, तीन परीक्षक.

"बहिणीला आणा," सर म्हणाले. "माणूस समोर दिसला की ऐकणाऱ्यांचं मन वेगळं होतं."

धाकटीला ते रुचलं नाही. ताईला मांडून ठेवायचं? पण ताई घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची आणि बाहेर पडायला निमित्तच शोधत असायची. "मला काय करायचंय? खुर्चीत बसायचंय ना? त्यात माझा हात कोण धरेल?" ती म्हणाली. वर तिने सादरीकरणाची सगळी पानं मागून घेतली, लाल पेनाने शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि वकिलाला सुनावलं, "इतक्या वेलांट्या चुकवून तुला कोणी पैसे देईल असं वाटतं?"

तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होतं: पट्टा प्रत्येक वेळी वाजतो.

"'आतापर्यंत' घाल ना त्यात," धाकटी वकिलाला म्हणाली.

"'आतापर्यंत' म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढची भीती वाटते. आणि खोटं काय आहे त्यात? वाजला नाही असं एकदा तरी झालंय का?"

झालं नव्हतं. तिने पान उलटलं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलेलं होतं. धाकटी आणि वकील मंचामागे उभे होते. आधीचा गट भाड्याच्या सायकलींबद्दल बोलत होता, लोक हसत होते. पडद्याच्या फटीतून तिला पुढच्या रांगेत कडेला बसलेली ताई दिसली. चष्मा पुसत होती. ठीक होती. पण आदल्या रात्री बाहेर जायच्या आनंदात ती नीट झोपली नव्हती, आणि झोप मोडली की फिट येते हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

"ताईला घरी पाठवूया का?" ती कुजबुजली.

"आता?" वकील म्हणाला. "अगं, नाव पुकारलं आपलं."

सुरुवात चांगली झाली. वकिलाने दोन वाक्यांत सभागृह खिशात घातलं. धाकटीने दुसरा पट्टा स्वतःच्या हातावर बांधून हात थरथरवला, दोन्ही पट्ट्यांना जोडलेला टेबलावरचा फोन ठणाणा वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने ताईची ओळख करून दिली. ताईने बसल्या बसल्या हात उंचावून पट्टा दाखवला. पुन्हा टाळ्या. पडद्यावर तिसरं पान आलं.

"हा पट्टा प्रत्येक वेळी..." धाकटी म्हणाली आणि तिची नजर ताईवर गेली.

ताईचा हात खाली आला नव्हता. तो तसाच, अर्धवट उंच, लाकडासारखा ताठ राहिला होता. मान एका बाजूला वळली होती. डोळे उघडे होते, पण त्यात कोणी नव्हतं. शेजारची बाई अजून टाळ्या वाजवत होती. धाकटीने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. फोन गप्प होता. तिला वाटलं आत्ता वाजेल, आता तरी वाजेल. ती वाट बघत राहिली. क्षणभरच, पण राहिली, आणि तेवढ्यात ताई खुर्चीवरून कडेला घसरली.

धाकटीने मंचावरून उडी टाकली. ताईला कुशीवर वळवलं, चष्मा काढला, ओढणीची घडी डोक्याखाली सारली. ताईचे ओठ निळसर पडले होते. कोणीतरी ओरडलं, "दातात चमचा घाला."

"काही घालायचं नाही. मागे सरका," धाकटी म्हणाली. आवाज आपलाच आहे हे तिला नंतर कळलं.

परीक्षकांमधल्या एक बाई टेबल ओलांडून आल्या आणि ताईशेजारी गुडघे टेकून बसल्या. त्या मेंदूविकाराच्या डॉक्टर होत्या. काही वेळाने ताईचं अंग सैल झालं, श्वास घरघरत सुरू झाला, रंग परतला. तिला बाजूच्या खोलीत नेऊन सोफ्यावर निजवलं. पट्टा शेवटपर्यंत वाजला नाही.

बाहेर वकील पांढराफटक होऊन उभा होता. "आयोजक म्हणतायत शेवटी पुन्हा संधी देतो," तो म्हणाला. "हे बघ, बॅटरी संपली होती असं सांगू. कोण तपासायला येतंय?"

धाकटीने ताईच्या हातावरून सोडवून खिशात ठेवलेला पट्टा काढून त्याच्यासमोर धरला. हिरवा दिवा लागलेला होता. बॅटरी भरलेली होती.

दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांनी दिवाही पाहिला आणि बोलणंही ऐकलं असावं. "तिचं अंग ताठ झालं, हललं नाही," त्या म्हणाल्या. "अशाही फिट असतात. तुमचा पट्टा थरथर शोधतो. थरथरच नसेल तर तो काय ओळखणार?"

"पण आतापर्यंत प्रत्येक वेळी वाजलाय," वकील म्हणाला.

"वाजला तेव्हा वाजला, एवढंच तुम्हाला माहीत आहे. नाही वाजला तेव्हा तुम्ही झोपलेले होतात. सकाळी कधी डोकं दुखतं का तिचं? जीभ चावलेली असते?"

धाकटीला आठवलं. गेले कित्येक दिवस ताई सकाळी डोकं धरून बसायची आणि बारीक टाइपाला शिव्या घालायची. एकदा चहा पिताना जीभ झोंबली म्हणून तिने कप खाली ठेवला होता, आणि दोघी हसल्या होत्या. त्याच्या आदल्या रात्री आई पलीकडच्या खोलीत गाढ झोपलेली होती.

स्पर्धेच्या शेवटी धाकटी मंचावर गेली. वकील तिच्यामागे येऊन उभा राहिला. "पट्ट्याची बॅटरी भरलेली होती," ती माइकसमोर म्हणाली. "तो चालू होता आणि त्याला फिट कळली नाही. आमच्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं खरं नाही." ती कठडा धरून पायऱ्या उतरली. बक्षीस सायकलवाल्यांना मिळालं.

घरी सांगणं त्याहून अवघड होतं. आई ताईच्या केसांत हात फिरवत होती. धाकटीने सगळं सांगितलं, डॉक्टरबाईंचं बोलणंही. आईचा हात थांबला.

"म्हणजे मी झोपले होते तेव्हा..." आई म्हणाली.

"आई, झोपले तर मीही होते," ताई म्हणाली. "मला विचारलं असतंस तरी काय सांगणार होते?"

कोणी हसलं नाही. आई धाकटीकडे वळून म्हणाली, "तुला भीती वाटत होती ना? मला दिसत होतं. मला वाटलं परीक्षेची असेल. मला का नाही सांगितलंस?"

"तुला झोप लागायला लागली होती."

"असली झोप नको मला," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर धाकटीला सोपं गेलं असतं.

वकिलाने आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. मग एका दुपारी लायब्ररीत येऊन म्हणाला, "त्या डॉक्टरबाईंना मी कारण विचारलं. नकाराचं. त्यांनी उत्तर पाठवलंय." त्यांच्या रुग्णालयात विद्यार्थ्यांच्या चाचण्यांसाठी एक छोटं अनुदान होतं. मंच नाही, टाळ्या नाहीत, वर्तमानपत्रात नाव नाही. अर्जासोबत यंत्र कुठे फसलं ते आधी लिहायचं, कुठे चाललं ते नंतर. वकिलाने ते पान स्वतः लिहिलं, आणि वेलांट्या तपासायला ताईकडे नेऊन दिलं.

अनुदान मंजूर झालं. ताठ होणारं अंग ओळखायला स्नायूंचा ताण मोजणारा नवा भाग पट्ट्यात बसवला. तो चालतो की नाही हे वॉर्डातच कळणार होतं, कारण तिथे रुग्णांच्या डोक्याला तारा लावलेल्या असत, आणि फिट आली की कागदावर उमटायची, मग पट्टा वाजो वा न वाजो. डॉक्टरबाईंची अट एकच: त्याच्या भरवशावर कोणी डोळा मिटायचा नाही.

पहिल्या दिवशी धाकटीने एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या मनगटाला पट्टा बांधला. घड्याळजीने पट्टा कानाशी नेऊन ऐकला आणि म्हणाला, "टिकटिक करत नाही हे." त्याची बायको उशाशी स्टुलावर बसली होती. किती दिवस जागी होती कोण जाणे, तिच्या पापण्या जड झाल्या होत्या.

"पोरी, हे घातलंय तर मी जरा पडू का?" तिने विचारलं.

"नाही काकू, याच्या भरवशावर नका," धाकटी म्हणाली. "तुम्ही पडा. मी बसते इथे."

बाई शेजारच्या रिकाम्या खाटेवर कलंडली आणि तिला लगेच झोप लागली. धाकटीने स्टूल पुढे ओढलं. घड्याळजीचा हात चादरीवर स्थिर होता, पट्ट्यावर हिरवा दिवा होता, आणि फोन गप्प होता. ती त्या हातावरून नजर न हलवता बसून राहिली.