भिंतीतली बाई विचारते

आमचं घराणं गवंड्यांचं आणि घराण्याची शान एकच, तलावाची भिंत. ती म्हणे बांधली की पडायची. शेवटी आमच्या मूळ पुरुषानं स्वतःच्या बायकोला तिच्यात चिणलं, तेव्हा कुठे उभी राहिली. गवंड्यांच्या मेळाव्यात बाबा दरवर्षी ही गोष्ट छाती फुगवून सांगतात आणि समोरची मिशीवाली मंडळी डोळे पुसतात. बाई मेली म्हणून नाही, भिंत टिकली म्हणून. मला लहानपणापासून या गोष्टीचा संताप यायचा, पण संतापून मी काय केलं, तर भांडी आपटली. कविता केली ती वहिनीनं.

वहिनी बाबांच्या कामांवर देखरेख करते. दिवसभर सिमेंटच्या धुळीत असते, संध्याकाळी लिहिते. यंदाच्या मेळाव्यात बाबांच्या गोष्टीनंतर ती कविता वाचणार होती. आईनं ती आधी ऐकली आणि तिचं धाबं दणाणलं.

"चार लोकांत सासऱ्याची शोभा करणार तू. उद्यापासून ते कामावर पाय ठेवू देणार नाहीत."

हे खोटं नव्हतं. बाबांचं एकदा बिनसलं की बिनसलं, आणि वहिनीचा तर जीव त्या कामात.

"काम हवंच आहे मला," वहिनी म्हणाली. "पण हे गिळून त्यांच्या शेजारी उभी राहू कशी, आई?"

मेळाव्यात बाबांची गोष्ट झाली, टाळ्या झाल्या. मग वहिनी उठली. कागद उघडून वाचू लागली.

"चिणा मला, पण आधी सांगा,
भिंतीमागचं पाणी कुठून जाणार?
तुम्ही भोकं ठेवायला विसरलात
आणि तुम्हाला मी आठवले.
माझ्या श्वासापुरती फट ठेवलीत,
पाणी तिथून गेलं.
भिंत त्या फटीनं तारली,
मी उगाच मेले."

मागचं पाणी वाहून जायला भोकं नसली की भिंत फुगते आणि कोसळते, हे नव्या गड्यालाही आधी शिकवतात. काय बाई आहे ही! तिनं शाप आणला नाही, देवी आणली नाही. गवंड्यांच्याच ओळंब्यानं गवंड्यांची गोष्ट तपासली. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मागच्या बाकावरून आईचा आवाज आला. चार लोकांत ती कधी बोलत नाही.

"अहो, म्हणजे भिंतीला ती बाई नकोच होती?"

बाबा खुर्चीवरून उठले.

"नको होती," ते म्हणाले. "आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं."

वहिनीनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"बाबा, उद्या कामावर येऊ ना मी?"

"तू नाही आलीस," बाबा म्हणाले, "तर आम्ही काय विसरलो ते सांगणार कोण?"