सोमवारची शेगडी

सोमवारी सूर्यास्तापर्यंत प्रेमा मौन पाळायची. सिंगापुरात चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या घरामागे तिच्या नवऱ्याने, श्रीरामने, घरगुती बिअरचा काढा उकळायची गॅसची शेगडी नेमकी त्याच दिवशी जोडली.

"आज तुला रागावताही येणार नाही!" तो हसला.

शेगडी पेटवून बघितली, मग कॉक बंद केला. ज्योत विझेना. त्याने नळीच उपसून काढली, तरी ती निळी ज्योत आवाज न करता जळतच राहिली. जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इतकी वर्षं गॅसशी खेळलेला माणूस, नवलाने तोंड खाली नेऊन बघू लागला. ज्योत त्याच्या चेहऱ्याकडे वाकली.

प्रेमाला व्रत आठवलं, पण राहवलं नाही.

"अहो, मागे व्हा!"

तो दचकून मागे सरला. वारा अजिबात नव्हता. ज्योत सावकाश वळली आणि आवाज आला त्या दिशेला, दारात उभ्या प्रेमाकडे झुकली.